लहान मुलांचा मोतीबिंदू : ऑपरेशन झालं, आता नजर घडवायची आहे

माझ्या लेकीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू ती चार महिन्यांची असताना काढला. आज ती दहा वर्षांची आहे, पाचवीत आहे, आणि चष्मा लावून उजव्या डोळ्याने तक्त्यावरची ६/२४ ची ओळ वाचते, म्हणजे निरोगी डोळ्याला २४ मीटरवरून दिसतं ते तिला ६ मीटरवरून दिसतं. डावा डोळा पहिल्यापासून चांगला. ही सगळी वर्षं इंदूरमध्ये, सुदामानगरातलं घर ते डोळ्यांचा दवाखाना अशा फेऱ्यांत गेली. दवाखान्याच्या बाकांवर मला भेटलेल्या आईवडिलांत मराठी घरं पुष्कळ होती. कुणी रामबागेतलं, कुणी लोकमान्यनगरातलं, कुणी देवास-महूहून पहाटेची बस धरून आलेलं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असायचा, "ऑपरेशन चांगलं होईल ना?"

ऑपरेशन बहुतेकदा चांगलंच होतं. मूल पुढे किती बघेल, हे मात्र त्याआधी किती दिवस वाया गेले आणि त्यानंतर घरात काय काय झालं यावर ठरतं. हे मला कुणी सुरुवातीलाच नीट बसवून सांगितलं असतं तर काही चुका टळल्या असत्या. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाचा डोळा तपासून डॉक्टर जे सांगतील ते यातल्या कुठल्याही ओळीपेक्षा वरचं.

आधी हे समजून घ्या

आजोबांचा मोतीबिंदू काढला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पेपर वाचायला घेतात. त्यांच्या मेंदूने साठ वर्षं जग पाहिलेलं असतं, मधलं भिंग तेवढं गढूळ झालेलं असतं. बाळाचा मेंदू अजून बघायला शिकतोय. पहिल्या काही महिन्यांत डोळ्याकडून येणारं चित्र पाहता पाहताच तो शिकतो. एका डोळ्याकडून चित्र आलंच नाही, तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा घेऊन टाकतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं. पिल्लाचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून मग उघडला, तर डोळा निरोगी होता, पण मेंदू त्याचं ऐकेनासा झाला होता. मोठ्या मांजराचा डोळा तेवढेच दिवस बंद ठेवला तर काही बिघडत नव्हतं. त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं, आणि आपल्या मुलांवरचे आजचे उपचार याच पायावर उभे आहेत.

मेंदूने दुर्लक्षिलेल्या डोळ्याला डॉक्टर 'आळशी डोळा' म्हणतात. मोतीबिंदू काढणं हे सर्जनचं काम, ते तासाभरात होतं. आळशी डोळ्याला कामाला लावायचं काम आपलं, त्याला काही वर्षं लागतात.

पहिली पायरी : दिवस मोजायला लागा

जन्मतःच दाट मोतीबिंदू असेल तर एका डोळ्याच्या बाबतीत बाळ साधारण ६ आठवड्यांचं होईपर्यंत आणि दोन्ही डोळ्यांच्या बाबतीत साधारण ८ आठवड्यांचं होईपर्यंत ऑपरेशन झालेलं सगळ्यात चांगलं. पहिल्या ४ आठवड्यांच्या आत सहसा करत नाहीत, कारण फार लवकर केलं तर पुढे काचबिंदूचा, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नजर जाण्याचा, धोका वाढतो आणि भूल देणंही अवघड जातं. म्हणजे हातात असलेले दिवस फार थोडे. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असताना तिसरा महिना उलटला, तर डोळे सतत थरथरायला लागू शकतात. एकदा ते सुरू झालं की नजरेची मजल कमी होते.

एका डोळ्याचा मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांपेक्षा बरा, असं ऐकणाऱ्याला वाटतं. नजरेच्या दृष्टीने उलट आहे. दोन्ही डोळे सारखे अडलेले असतील आणि वेळेत मोकळे केले, तर दोघे बरोबरीने शिकतात. एकच अडलेला असेल, तर चांगला डोळा त्याला डोकं वर काढू देत नाही. शिवाय बाळ एका डोळ्याने सगळीकडे नीट बघत असतं, त्यामुळे घरात कुणाला शंकाच येत नाही.

आमच्याकडे सासूबाईंना शंका आली. बारशाच्या फोटोत बाळाची एक बाहुली लालसर (निरोगी डोळ्याची तशीच दिसते) आणि दुसरी राखाडी दिसत होती. पुढे दुपट्याचं टोक डाव्या डोळ्यावर आलं की ती रडायची, उजव्यावर आलं तर हूं की चूं नाही. आईंनी ते तीन-चारदा करून पाहिलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, हिला उजव्या डोळ्याने दिसत नाहीये." आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी वरवर पाहून सांगितलं, "अभी बहुत छोटी है, साल भर की हो जाए तब दिखाना." आम्ही ऐकलं. त्यात सहा आठवडे गेले. ते सहा आठवडे तिच्या ६/२४ मध्ये आहेत असं मला आजही वाटतं.

म्हणून सांगते, कुणीही "थोडा मोठा होऊ दे" किंवा "अजून पिकलेला नाही" म्हटलं, तर त्याच आठवड्यात मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पिकू द्यायची कल्पना जुन्या काळच्या, म्हाताऱ्या माणसांच्या ऑपरेशनची आहे. मुलांमध्येही काही मोतीबिंदू बारीक टिपक्यासारखे असतात आणि ते नुसते तपासत राहिलं तरी चालतं, पण तो निर्णय बाहुली मोठी करून आतून तपासल्यावरच घ्यायचा असतो. मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, सुरमा यातलं काहीही डोळ्यात घालू नका. मोतीबिंदू डोळ्याच्या आत असतो, वरून घातलेलं काही तिथवर पोचत नाही, जंतू मात्र पोचतात.

पैशाची अडचण असेल तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, आणि जन्मजात मोतीबिंदूचा त्याच्या यादीत स्पष्ट उल्लेख आहे. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव घालता येतं. आयुष्मान कार्ड असेल तर दवाखान्याच्या काउंटरवर आधीच दाखवा. इंदूरमध्ये एम.वाय. हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, खाजगी आणि धर्मादाय नेत्रालयंही आहेत. दवाखाना निवडताना एकच प्रश्न ठामपणे विचारा, इतक्या लहान बाळाची ऑपरेशनं इथे नेहमी होतात का, आणि बाळांना भूल देणारे डॉक्टर आहेत का? उत्तर गुळमुळीत आलं तर चित्रकूट, अहमदाबाद, हैदराबाद, मदुराई, चेन्नई इथल्या मोठ्या नेत्ररुग्णालयांत लोक जातातच. फक्त एक ध्यानात ठेवा, ऑपरेशन लांब केलं तरी पुढच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा इंदूरमध्ये कोण बघणार हे तिथूनच ठरवून या.

दुसरी पायरी : ऑपरेशनच्या आधी काय विचारायचं

मोतीबिंदू का झाला, हा प्रश्न प्रत्येक आई स्वतःला विचारते. ग्रहणात काही चिरलं का, काही चुकीचं खाल्लं का. माझ्या कानावरही हे आलं. खरी कारणं वेगळी आहेत. काही घरांत तो पिढीजात असतो. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, हे ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९४१ मध्येच सांगितलं. काही मुलांत गॅलॅक्टोसेमिया म्हणजे दुधातली साखर न पचण्याचा आजार असतो, तो लवकर सापडून दूध बंद केलं तर सुरुवातीचा मोतीबिंदू मागेही हटू शकतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांतही दिसतो. म्हणून दोन्ही डोळ्यांत असेल तर रक्त-लघवीच्या तपासण्या आणि लहान मुलांच्या डॉक्टरांकडून हृदय, कान यांची तपासणी करून घेतात. एकाच डोळ्यात असेल तर पुष्कळदा कारण सापडतच नाही. आमच्याकडे सापडलं नाही, आणि ते शोधत बसण्यात वेळ घालवला नाही हे बरं झालं. मोठ्या मुलांत मार लागून होतो. आपल्याकडे संक्रांतीला गिल्ली-दांडा खेळतात, तेव्हा गिल्ली डोळ्यावर बसलेली मुलं दवाखान्यात दिसतात.

दुसरा मोठा प्रश्न लेन्सचा. मोठ्या माणसाला गढूळ भिंग काढून तिथेच कृत्रिम लेन्स बसवतात. तान्ह्या बाळाला बहुधा बसवत नाहीत, आणि त्यात कंजुषी किंवा हलगर्जी काही नसते. जन्मतः डोळ्याची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, मोठेपणी २३-२४ होते, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन वर्षांत होते. आज मोजून बसवलेल्या लेन्सचा नंबर वर्षभरात चुकीचा ठरतो.

अमेरिकेत यावर एक मोठा अभ्यास झाला. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेली, सात महिन्यांच्या आतली ११४ बाळं घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच आत लेन्स बसवली, दुसऱ्याला बाहेरून कॉन्टॅक्ट लेन्स दिली. मुलं साडेचार वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली. फरक इतकाच की लेन्स बसवलेल्या गटातल्या ७२ टक्के मुलांना पहिल्या पाच वर्षांत डोळ्याच्या आतलं आणखी एखादं ऑपरेशन लागलं, दुसऱ्या गटात २१ टक्क्यांना. तेव्हा "लेन्स आत्ता नको, नंतर बसवू" असं डॉक्टर म्हणाले तर नाराज होऊ नका. साधारण दीड-दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना बहुतेक ठिकाणी लेन्स बसवतात.

तिसरी गोष्ट, लहान मुलांत भिंगामागचा पातळ पडदा जवळजवळ हमखास परत गढूळ होतो. म्हणून पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांत सर्जन त्याच वेळी त्या पडद्याला मधोमध खिडकी करतात आणि त्यामागच्या जेलीचा पुढचा थोडा भाग काढतात. ते करणार आहेत का, हे विचारून घ्या.

ऑपरेशन पूर्ण भुलेत होतं. त्याआधी बाळाला उपाशी ठेवायचं असतं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. साधारण नियम असा, वरचं दूध किंवा अन्न ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. भुलेचे डॉक्टर जी वेळ सांगतील ती कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवा. रडतंय म्हणून आत्याने प्रेमाने चमचाभर दूध पाजलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, असं माझ्यासमोर एका घरात झालंय. सर्दी, ताप, छातीत घरघर असेल तर लपवू नका.

तिसरी पायरी : थेंबांचे सहा आठवडे

घरी येताना दोन-तीन बाटल्या हातात मिळतात. एक जंतू मारणारी, एक सूज उतरवणारी म्हणजे स्टेरॉइडची, आणि बहुतेकदा एक बाहुली मोठी ठेवणारी. मुलांच्या डोळ्यात सूज मोठ्यांपेक्षा फार जास्त येते, म्हणून स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला दिवसातून बऱ्याचदा घालावे लागतात, मग हळूहळू कमी करतात. ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, आणि डोळा लाल दिसला म्हणून पुढे कधी दुकानातून परस्पर आणूनही घालू नका. जास्त दिवस घातल्याने डोळ्यातला दाब वाढतो. दुधी रंगाचं औषध असेल तर बाटली दर वेळी नीट हलवायची, नाहीतर औषध तळाशी राहतं आणि आपण पाणीच घालत बसतो.

डोळा ओढून उघडायची गरज नसते. बाळाला उताणं निजवा, डोळे मिटलेले असू देत, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि थांबा. डोळा उघडला की औषध आपोआप आत जातं. मग त्याच कोपऱ्यावर बोटाने एक मिनिट हलकं दाबून ठेवा, म्हणजे औषध नाकावाटे पोटात उतरत नाही. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं, मूल बेचैन झालं, तर थेंब थांबवून लगेच फोन करा.

थोडी लाली आणि पाणी येणं ठीक. पापणी सुजली, पू दिसला, लाली उतरायच्या ऐवजी वाढली, मूल दूध सोडून रडायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. डोळ्याच्या आत जंतू गेले असतील तर तासातासाला नजर जाते.

काजळ बंद. डोक्यावरून पाणी डॉक्टर सांगतील तोवर बंद. रंगपंचमीच्या गेरच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) सुमारास ऑपरेशन झालेलं मूल असेल तर त्या दिवशी त्याला राजवाड्याच्या बाजूला फिरकू देऊ नका, घरातही रंग नको.

चौथी पायरी : चष्मा

भिंग काढून टाकलेल्या बाळाला चष्म्याविना सगळं धूसर असतं. मोतीबिंदू काढून चष्मा नाही दिला, तर खिडकी धुतली पण पडदा ओढलेलाच ठेवला, असं होतं. ऑपरेशननंतर काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लागली पाहिजे. बाळाचा नंबर अधिक २० च्या पुढेही असू शकतो. आमच्या चष्म्याच्या दुकानदाराने कागद बघून सांगितलं, "इतना नंबर नहीं होता, गलती से लिखा होगा," आणि अर्ध्या नंबरची काच घालायला निघाला. कागदावर आहे तोच नंबर घ्या, शंका आली तर त्याला दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगा.

एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर शक्य असल्यास कॉन्टॅक्ट लेन्स जास्त चांगली, कारण एका बाजूला जाड काच आणि दुसऱ्या बाजूला साधी, यात दोन्ही डोळ्यांची चित्रं लहानमोठी दिसतात. आम्ही सात महिने लेन्स वापरली. दोनदा हरवली, एकदा डोळा लाल झाला, शेवटी चष्म्यावर आलो. ज्यांना लेन्स स्वच्छ ठेवणं जमतं त्यांनी जरूर वापरावी. ज्यांना जमत नाही त्यांनी मनाला लावून न घेता चष्मा लावावा, पण लावावा.

फ्रेम मऊ, प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेली घ्या. काचा फुटून डोळ्यात जाणार नाहीत अशा पॉलीकार्बोनेटच्या, निदान प्लास्टिकच्या असाव्यात. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला पाहिजे, नाकावर घसरलेला जाड चष्मा नुसतं ओझं असतो. पहिल्या आठवड्यात बाळ शंभरदा काढेल. आम्ही दूध पाजताना, गाणं म्हणताना, बाल्कनीतून गाय दाखवताना चष्मा घालायचो. काढला की रागावायचं नाही, दोन मिनिटांनी परत घालायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने स्वतः चष्म्याकडे हात केला. दिसतंय हे तिला कळलं होतं.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं जग हाताच्या अंतरावर असतं, म्हणून त्याचा नंबर मुद्दाम जवळचं दिसेल असा, दोन-तीनने वाढवून देतात. चालायला-पळायला लागल्यावर, साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, वर लांबचा आणि खाली जवळचा असा दुहेरी चष्मा लागतो. नैसर्गिक भिंग काढलेला डोळा जवळ-लांब आपोआप जुळवून घेऊ शकत नाही, कृत्रिम लेन्स असली तरी नाही. "लेन्स बसवली, आता चष्मा सुटला" हा समज म्हणूनच चुकीचा. आणि इथे एक बारकावा आहे जो दुकानात हमखास चुकतो. मोठ्यांच्या दुहेरी चष्म्यात खालच्या भागाची रेघ बरीच खाली असते. मुलांच्या चष्म्यात ती बाहुलीच्या मधोमध यायला हवी, नाहीतर मूल खालच्या भागातून बघतच नाही. चष्मा घ्यायला गेलात की मुलाला घालून, समोर उभं राहून, रेघ स्वतः बघा.

एक जादा चष्मा घरात ठेवा. मुलाचा चष्मा मोडतोच, आणि नवा येईपर्यंतचे आठ दिवस त्या वयात फार मोठे असतात.

पाचवी पायरी : पट्टी

सगळ्यात कठीण आणि सगळ्यात जास्त फळ देणारा भाग हाच. चांगला डोळा रोज काही तास झाकायचा, म्हणजे मेंदूला ऑपरेशन झालेल्या डोळ्याकडे वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्याच अमेरिकी अभ्यासात वेळ अशी ठेवली होती, आठ महिन्यांपर्यंत बाळाचं वय जितके महिने तितके तास रोज, आणि त्यापुढे जागेपणीचा साधारण अर्धा वेळ. तुमच्या मुलाचे तास डॉक्टरच ठरवतील, कारण जास्त झाकल्याने चांगला डोळाही मागे पडू शकतो. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या मुलांना पट्टी तेव्हाच लागते जेव्हा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मागे राहतो.

झोपेतले तास धरायचे नाहीत. आम्ही पहिले दोन महिने ती चूक केली. ती झोपली की शांतपणे पट्टी लावायची, उठली की काढायची, आणि कागदावर चार तास लिहायचे. तपासणीत फरक दिसेना तेव्हा दवाखान्यातल्या ताईंनी विचारलं, "पट्टी लावल्यावर ती काय करते?" मी म्हटलं, "झोपते." त्यानंतर आमची वेळ सकाळी आंघोळ आणि दूध झाल्यावरची ठरली, जेव्हा मूल सगळ्यात ताजं असतं.

पट्टी कातडीला चिकटणारी घ्या. चष्म्यावर लावायचं कापड मूल कडेने डोकावून निकामी करतं. चेहरा कोरडा पुसून चिकटवा, तेल-क्रीम लावलेल्या गालावर ती टिकत नाही. काढताना कोमट पाण्याचा बोळा दाबून सैल करा. कातडी लाल झाली तर पट्टीची बाजू रोज थोडी बदला. तान्ह्याच्या हातांत मोजे घातले तर ओढणं कमी होतं.

आणि मग डोळ्याला काम द्या. नुसती पट्टी लावून मूल कोपऱ्यात रडत बसलं तर उपयोग थोडाच. लहान बाळापुढे काळ्या-पांढऱ्या ठळक रेघांची चित्रं, चमकणारी वाटी. दोन-अडीच वर्षांची असताना मी तिला रविवारच्या पोह्यांची बशी द्यायची आणि वरचे डाळिंबाचे दाणे एकेक वेचून खायला सांगायची. पिवळ्यावर लाल, बारीक, आणि शेवटी गोड. त्यात कधी अर्धा तास जायचा. पुढे रांगोळीचे ठिपके जोडणं, मणी ओवणं, तांदळातले खडे निवडणं. मणी गिळायच्या वयात मात्र समोर बसून राहा. मोबाइलवरचा साधा खेळही पट्टीच्या वेळेपुरता चालतो, त्याबद्दल मी कधी अपराधी वाटून घेतलं नाही.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी आम्ही पट्टीचे तास लिहायचो. ते पान फाडून फायलीत ठेवायचं. डॉक्टरांना "लावतो हो रोज" असं सांगण्यापेक्षा ते आकडे दाखवले की त्यांना उपचार बदलायचा की तासच वाढवायचे ते कळतं. एखाद्या आठवड्यात लग्न, आजारपण, पाहुणे यांनी शून्य आले तर शून्य लिहा.

घरातली माणसं विरोध करतील. "लेकराला कशाला छळता, चांगला डोळा झाकता!" सासऱ्यांना ते बघवायचं नाही. ह्यांनी त्यांना एकदा दवाखान्यात सोबत नेलं, ताईंनी चित्र काढून समजावलं, त्यानंतर पट्टीच्या वेळी गोष्ट सांगायचं काम आजोबांनीच घेतलं. शक्य असेल तर घरातल्या सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या माणसालाच पुढच्या तपासणीला न्या.

पट्टी साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, कधी त्याही पुढे, हळूहळू कमी होत जाते.

सहावी पायरी : तपासण्या, वर्षानुवर्षं

पहिल्या वर्षी दर एक-दोन-तीन महिन्यांनी नंबर बदलू शकतो, म्हणून फेऱ्या जास्त. पुढे सहा महिन्यांवर जातात. पण संपत नाहीत. कारण काचबिंदू. त्या अभ्यासातल्या मुलांपैकी दहा वर्षांत सुमारे २२ टक्के मुलांना ऑपरेशन झालेल्या डोळ्यात काचबिंदू झाला. तो दुखत नाही, दिसत नाही, आणि ऑपरेशननंतर अनेक वर्षांनीही येतो. तेव्हा दर तपासणीला डोळ्याचा दाब मोजला का, हे विचारा, आणि मूल मोठं झालं, कॉलेजात गेलं तरी वर्षातून एकदा मोजत राहा. लहान बाळात बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसणं, उजेड सहन न होणं, सतत पाणी येणं, किंवा अधिकचा नंबर फार झपाट्याने उतरणं, या त्याच्या खुणा आहेत.

बाहुली परत पांढरी दिसली तर मागचा पडदा गढूळ झाला असेल, डोळा वाकडा जायला लागला तर तिरळेपणा. दोन्हींवर उपाय आहे, वेळेत गेलात तर.

एक जाड फाइल करा. ऑपरेशनचा कागद, लेन्सचं स्टिकर, प्रत्येक चष्म्याचा नंबर, दाबाचे आकडे, तारखेप्रमाणे. डॉक्टर बदलतात, शहरं बदलतात, फाइल आपल्याकडे राहते.

किती दिसेल?

यावर कुणी ठाम आकडा सांगत असेल तर सावध राहा. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू वेळेत निघाला, चष्मा सतत राहिला, तर पुष्कळ मुलं साध्या शाळेत, साधी पुस्तकं वाचत शिकतात. सहा-सात वर्षांच्या वयात झालेल्या मोतीबिंदूचं भविष्य आणखी चांगलं, कारण त्यांचा मेंदू आधी बघायला शिकलेला असतो. एका डोळ्याचं, जन्मजात, हे सगळ्यात अवघड. त्या अभ्यासातली मुलं साडेदहा वर्षांची झाली तेव्हा चारातल्या एकाची नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली होती, आणि ४४ टक्क्यांची ६/६० किंवा त्याहून कमी. उत्तम उपचार मिळालेल्या मुलांचे हे आकडे आहेत. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. पण दुसऱ्या डोळ्याला कधी काही झालं तर हाच डोळा आधाराला असणार आहे, त्यासाठी ६/६० आणि ६/२४ यांतलं अंतर फार मोठं आहे.

बोलता न येणाऱ्या बाळाची नजरही मोजता येते. पट्टे असलेली आणि कोरी अशी पाटी समोर धरतात, बाळ पट्ट्यांकडे बघतं. अडीच-तीन वर्षांपासून चित्रांचा तक्ता, मग अक्षरांचा.

आणि उशीर झालेलं मूल असेल तर? आठ, दहा, बारा वर्षांचं? तरीही ऑपरेशन करा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले पवन सिन्हा यांनी उत्तर भारतातल्या अशा मुलांसाठी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मापासून न पाहिलेल्या, ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना ऑपरेशननंतर लगेच एक गोष्ट करायला दिली, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्याने ओळखायची. जमेना. काही दिवसांतच जमायला लागलं. बारीक अक्षर वाचण्याइतकी नजर अशा मुलांना सहसा येत नाही, पण एकट्याने चालणं, माणूस ओळखणं, वस्तू शोधणं यात खूप फरक पडतो.

शाळा

वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटा. उजवा डोळा कमजोर असेल तर मूल वर्गाच्या उजव्या बाजूला, पुढच्या बाकावर बसवा, म्हणजे फळा आणि बाई चांगल्या डोळ्याकडे येतात. एका डोळ्याच्या मुलांना अंतराचा अंदाज कमी येतो. चेंडू झेलता येत नाही, जिन्याची शेवटची पायरी चुकते, पाणी ग्लासच्या बाहेर पडतं. ते वेंधळेपण नाही, हे बाईंना सांगा. खेळाच्या तासालाही पॉलीकार्बोनेटचा चष्मा काढू देऊ नका, तो चांगल्या डोळ्याचंही रक्षण करतो.

दोन्ही डोळ्यांत चष्म्यासकट नजर ६/१८ पेक्षा कमी असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करा. परीक्षेत जादा वेळ, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका अशा सोयी त्यावर मिळू शकतात. काही पालकांना त्यात कमीपणा वाटतो. मुलाचे दोन मार्क कागद नीट न दिसल्याने जात असतील तर तो कागद करून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरातली बाकीची मुलं

एका मुलाला मोतीबिंदू निघाला तर भावंडांचे आणि आईवडिलांचेही डोळे बाहुली मोठी करून तपासून घ्या. लोकमान्यनगरातल्या एका घरात मुलाच्या निमित्ताने काकांना तपासलं, त्यांच्या डोळ्यांतही लहानपणापासूनचा बारीक मोतीबिंदू निघाला, त्यांना चाळिशीपर्यंत पत्ताच नव्हता. मुलींना गोवर-रुबेलाची लस मिळाली आहे ना ते पाहा. बाळांना ती ९ ते १२ महिन्यांत आणि मग १६ ते २४ महिन्यांत देतात. गरोदरपणात ती देत नाहीत, म्हणून आधीच विचार करावा लागतो.

आमचा धाकटा झाला तेव्हा दुसऱ्या दिवशी, प्रसूतिगृहातून निघायच्या आधी, मी डॉक्टरांना म्हटलं, याच्या दोन्ही डोळ्यांतली लाल चमक बघून द्या. त्यांनी खोली अंधारी केली, उपकरण डोळ्याला लावलं, आधी डावा, मग उजवा. दोन्ही सारखे. मी ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतलं, आणि सहाव्या आठवड्याच्या लसीला गेले तेव्हा पुन्हा एकदा बघायला लावलं.